मी उघडलेलं पान

मॅडमनी माझी वही दोन बोटांनी, कोपऱ्याला धरून उचलली. ओलं फडकं उचलावं तशी.

वर्गात एकवीस विद्यार्थी होते. टांझानियाचे, सुदानचे, मलावीचे, नेपाळचे, भूतानचे. मी त्यांची शिक्षिका होते. निदान माझ्या ओळखपत्रावर तसं छापलं होतं: सहायक शिक्षिका, इंग्रजी लेखन. मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्या दिवशी न सांगता वर्गात आल्या, टेबलावरच्या वह्यांच्या ढिगातून माझी वही बरोब्बर काढली आणि मोठ्याने वाचू लागल्या.

मी लिहिलं होतं: माझे वडील छापखाना चालवतात. जेवायला बसण्याआधी ते थिनरच्या बोळ्याने हात पुसतात, मग साबणाने धुतात, तरी नखांत शाई राहतेच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांची नखं काळी असतात.

मॅडम थांबल्या. "हाऊ स्वीट," म्हणाल्या. मग लाल पेन काढलं, सगळ्यांसमोर दोन चुकांना गोल केले आणि वर्गाकडे वळल्या. त्या इंग्रजीत बोलल्या. मी मराठीत लिहिते आहे, पण शब्द तेच आहेत.

"पाहा, हीसुद्धा तुमच्यासारखीच आहे. हिच्या घरात हिच्याआधी कुणी इंग्रजीत एक वाक्य लिहिलेलं नाही. हिच्या समाजात तर वाचण्याचीच परंपरा नाही. तरी आम्ही हिला घेतलं. म्हणजे तुम्हालाही जमेल."

टाळ्या वाजल्या. पोरांना वाटलं, माझं कौतुक चाललंय.

मी हसले. हे आधीच सांगून टाकते. मी हसले आणि "थँक यू, मॅडम" म्हणाले.

एक जण टाळ्या वाजवत नव्हती. रेहेमा. टांझानियाची, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी, दुसऱ्या वर्षाची. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, पण नागपुरात दीड वर्ष राहून मेसमधल्या बायकांकडून तिने एक मराठी शब्द पक्का उचलला होता. तो ती कुठेही वापरायची.

"काहून?" ती म्हणाली. "काहून वाचू दिलंस तिला?"

"ती माझी बॉस आहे."

"माझीपण आहे. टाळ्या का नाही वाजवल्या असं विचारलं असतं तर सांगणार होते, हात मुरगळलाय." आणि ती मोठ्याने हसली.

मला तिचं ते हसणं टोचलं. तिने माझा अपमान अपमान म्हणून ओळखला होता. टाळ्या वाजवणाऱ्या वीस जणांवर मला राग नव्हता. राग आला तो तिचा.

वाचण्याची परंपरा नाही म्हणे.

आम्ही उत्तर नागपुरातले. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांना सही येत नव्हती. पाच वर्षांनी ते मोहल्ल्यात पत्रकं वाचून दाखवत होते. बाबांनी छापखाना टाकला. कळमन्याच्या बाजारातल्या हमालांची पत्रकं, घरकामगार बायांची पत्रकं, सभांची, मोर्चांची. शाळेतून आले की मी घड्या घालायला बसायची. कागद मधोमध दुमडायचा, कड जुळवायची आणि घडीवरून अंगठ्याचं नख करकचून ओढायचं. नख ओढलं नाही तर घडी फुगते आणि शंभराचा गठ्ठा बांधता येत नाही. हजारो पत्रकं दुमडली मी. दुमडता दुमडता वाचली. बाराखडीच्या आधी मला उद्गारचिन्ह कळलं असावं. अन्याय सहन करू नका! बोला! उठा! अकराव्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं, नळाला पाणी येत नाही म्हणून. बाबांनी ते खरंच छापलं.

तीच मी. वर्गात उभी राहून थँक यू म्हणणारी.

कॉलेज भंडारा रोडवर, मौद्याच्या बरंच अलीकडे. खाजगी. इमारत चकचकीत. माझी नेमणूक अकरा महिन्यांची, मग मॅडमच्या शेऱ्यावर पुढचे अकरा. मुलाखतीत त्यांनी पूर्ण नाव विचारलं होतं. आडनाव ऐकून "अच्छा, अच्छा" म्हणाल्या होत्या. दोनदा. तेवढंच.

आता आमच्या वर्गाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. परदेशी विद्यार्थ्यांना प्रबंध इंग्रजीत लिहावे लागतात. कोऱ्या कागदाची भीती जावी म्हणून त्यांनी रोज वहीत एक पान लिहायचं. रोजनिशीसारखं. विषय कोणताही. पहिले दोन महिने मी चुका काढायच्या नाहीत, फक्त खाली दोन ओळींचं उत्तर लिहायचं, पत्राला लिहितात तसं. मीही त्यांच्यासोबत लिहायची. आणि एक नियम. एखादं पान कुणी वाचू नये असं वाटलं, तर ते उभं दुमडायचं, कड शिवणीपर्यंत आत घालायची. दुमडलेलं पान मी मोजेन. वाचणार नाही.

पहिल्या दिवशी हा नियम मी माझ्या तोंडाने सांगितला. रेहेमाने हात वर करून विचारलं, "नक्की?"

"माझा शब्द," मी म्हणाले.

टाळ्यांच्या प्रसंगानंतर आठवडाभराने मी रेहेमाचं दुमडलेलं पान उघडलं.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की वाऱ्याने उघडलं. स्टाफरूमच्या खिडक्या बंद होत्या. एसी चालू होता. मी उघडलं. तिने माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला पाहायचं होतं.

माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिने लिहिलं होतं: हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्हा चार आफ्रिकी मुलींची ताटं वेगळी आहेत. प्रत्येक ताटाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका आहे. ती वेगळ्या बादलीत धुतात. नेपाळच्या मुलींना सगळ्यांचीच ताटं मिळतात. पहिले सहा महिने मला वाटलं, पाहुण्यांसाठी खास राखून ठेवली असतील. मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा, इथे आमची ताटं राखून ठेवतात. आई खूश झाली. आता तिला खरं कसं सांगू?

मी ते पान दोनदा वाचलं. पत्रकांतली सगळी वाक्यं एकदम उभी राहायला हवी होती. नाही राहिली. मला फक्त माझा कप आठवला.

स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा होता. निळ्या फुलांचा. पहिल्या दिवशी मॅडमनी हातात दिला होता. "हा फक्त तुझा हं." बाकीच्यांचे पांढरे, एकसारखे, कुणीही कुठलाही उचलावा असे. मी घरी येऊन सांगितलं होतं, मले कॉलेजात स्वतंत्र कप दिला. आई म्हणाली, वा. बाबा काही बोलले नव्हते. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर खुंटीला टांगलेले असायचे. ते बोलले नाहीत, आणि का बोलले नाहीत हे मला कळत होतं. मी न कळल्यासारखं केलं. नोकरी नवी होती.

रेहेमाला सहा महिने लागले, कारण तिला आपला देश माहीत नव्हता. मला कशाला वेळ लागला?

मी पान पुन्हा दुमडलं. घडीवरून अंगठ्याचं नख ओढलं. वही ढिगात ठेवली.

दोन दिवसांनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. एरवी त्यांच्यापुढे उभं राहूनच बोलायचं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बैस गं." खुर्ची गुबगुबीत होती. कॉफी आली. पांढऱ्या कपात. हेसुद्धा माझ्या लक्षात आलं, काय सांगू.

"तुझ्या नेमणुकीचा शेरा लिहायचाय या महिन्यात," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात समिती येतेय, कॉलेजचा दर्जा तपासायला. ही परदेशी मंडळी वहीत काय काय लिहितात गं? तुलाच माहीत. काही विशेष?"

मी नाही म्हणू शकले असते. हॉस्टेल, हवामान, प्रयोगशाळा, घरची आठवण, काहीही सांगू शकले असते. पण मी त्या खुर्चीत बसले होते आणि त्या खुर्चीत बसण्यालायक काहीतरी माझ्याजवळ असावं असं मला वाटलं.

"रेहेमाने मेसच्या ताटांबद्दल लिहिलंय," मी म्हणाले.

त्या क्षणी मी स्वतःला समजावलं, आपण तिची तक्रार वर पोचवतोय. खोटं. तक्रार पोचवणाऱ्याचा आवाज असा खाली येत नाही. मी चुगली केली.

मॅडमनी कॉफीचा घोट घेतला. "मेस कंत्राटदाराची आहे. शाकाहारी मुलींच्या पालकांनी हट्ट धरला. त्या चौघी काय काय खातात देवाला ठाऊक. पण हे वहीत असणं बरं नाही. बरं झालं तू सांगितलंस. हुशार आहेस तू."

हुशार. तो शब्द घेऊन मी बाहेर आले.

तीन दिवसांनी रेहेमाचं पत्र अडलं.

परदेशी विद्यार्थ्यांना भारतात राहण्याची परवानगी मुदतीआधी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं, ही आमची विद्यार्थिनी आहे असं सांगणारं. इंग्रजीच्या वर्गाची हजेरी दाखवणारी मॅडमची सही झाली की ते निघतं. रेहेमाची मुदत संपायला तीन आठवडे होते. पत्र नाही तर परवानगी नाही. परवानगी नाही तर तिच्या सरकारची शिष्यवृत्ती बंद, प्रबंध अर्धा टाकून परत. मॅडमनी तिला सांगितलं, तुम्हा चौघींच्या पत्रांवर सही समितीच्या भेटीनंतर करू. त्याआधी तुझ्या वहीत एक चांगलं पान यायला हवं. समितीला दाखवायला. विषय: माझं दुसरं घर.

आणि मला सांगितलं, "ते पान तूच लिहून दे. तिला नीट जमणार नाही. ती उतरवून काढेल."

मी लिहिलं. चाळीस मिनिटांत. वर्गात शिकवतो तशीच रचना. पहिल्या वाक्यात मुख्य मुद्दा, मग तीन कारणं, प्रत्येकाला उदाहरण, शेवटी निष्कर्ष. दुसऱ्या कारणात मी मेस घातली. लिहिलं, मेसमध्ये आम्ही सगळ्या एका कुटुंबासारख्या जेवतो. एकही चूक नव्हती त्या पानात. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बिनचूक इंग्रजी ते.

ग्रंथालयात समोरासमोर बसून रेहेमाने ते आपल्या अक्षरात उतरवलं. अक्षर गोल, सावकाश. मेसच्या वाक्यावर तिचं पेन थांबलं. मग पुढे गेलं. संपल्यावर तिने वहीची मागची पानं चाळली, ते दुमडलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. शेजारी दुसरं एक दुमडलेलं पान धरलं.

"ही माझी घडी," ती म्हणाली. घडी फुगलेली होती, मऊ. "आणि ही?"

ताटांच्या पानाची घडी पात्यासारखी होती. कागदावर नखाची चकाकी होती.

"मी घडीवरून बोट फिरवते फक्त," ती म्हणाली. "नखाने कोण दाबतं असं?"

माझा अंगठा मी मुठीत घातला. हातांनी शिकलेली गोष्ट हात चोरी करतानाही विसरत नाहीत.

"काहून?" तिने विचारलं.

हसली नाही. वाट पाहत राहिली. मी म्हणाले, "मला वाटलं, काही मदत करता येईल." मग लगेच म्हणाले, "आणि आता पत्र तरी मिळेल तुला."

"तू विकलंस," ती म्हणाली, "आणि आता उपकारही करतेयस." वही उचलून गेली.

त्या संध्याकाळी मी छापखान्यात गेले. बाबा यंत्राचा रूळ पुसत होते. मी सगळं सांगितलं. पान उघडलं तेही, खुर्चीही, चाळीस मिनिटंही. मला वाटलं होतं, ते मॅडमला शिव्या देतील. मला तेच हवं होतं. कुणीतरी मॅडमला शिव्या द्याव्या आणि मी आपोआप दुसऱ्या बाजूला उभी असावी.

बाबांनी फडकं खाली ठेवलं.

"तुया कॉलेजातून मेस किती दूर हाय वं?"

"तिथंच आहे बाबा. स्टाफरूममधून वीस पावलं."

"गेली होती?"

"नाही."

"ताटं पाह्यली?"

"नाही."

"मंग तिचं पान काहून उघडलं? जे वीस पावलावर दिसते ते पाहाले चोरी काहून करा लागली तुले?"

वर्गात मी रोज शिकवायची, पुराव्याशिवाय दावा करू नका, ऐकीव गोष्टीला पुरावा म्हणू नका. आणि दोन वर्षांत मी मेसच्या दारात एकदाही उभी राहिले नव्हते. डबा स्टाफरूममध्ये खायची. का? कारण मेसमध्ये पोरांत बसून जेवलं तर मी पोरांतली दिसले असते. आधीच मॅडम म्हणत होत्या, हीसुद्धा तुमच्यासारखीच. मला त्यांच्यासारखी व्हायचं नव्हतं. मला पांढऱ्या कपवाल्यांसारखं व्हायचं होतं.

"आता मी बोलले तर तिचं पत्र अडते बाबा," मी म्हणाले. "म्हणून गप्प हाव."

"तिच्या पत्रासाठी गप्प हायस का तुया शेऱ्यासाठी, हे तुले माहीत," बाबा म्हणाले आणि पुन्हा रूळ पुसायला लागले. "पत्रकं दुमडून कोणी मोठं नाही होत, बाई."

दुसऱ्या दिवशी मी वीस पावलं चालले. दुपारचे तीन. मेस रिकामी. ताटं घासायला बसलेल्या कांताबाई एकट्याच. त्या मौद्याकडच्या, रोज बसने यायच्या. मला दारात पाहून त्यांनी हात थांबवले.

"अवं मॅडम, तुमी इकडं कश्या? रस्ता चुकल्या का काय?"

"ताटं पाहायची आहेत, कांताबाई. त्या चार पोरींची."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातल्या निळ्या बादलीकडे बोट केलं. "पाहा न. तुमाले कोन अडवते. मले तर ठेकेदारानं सांगतलं, येगळे घास, येगळे ठेव. मी काय करू? माया बुढीच्या टायमाले आमच्याच घरी असं करत होते दुसऱ्यायले. आता मी हातानं करून राहिली. चांगलं नाही वाटत, पन करून राहिली."

मी चारही ताटं उचलून पालथी केली. चार लाल ठिपके. एकाचा रंग घासून निम्मा गेला होता आणि वरून नवा लावला होता.

"आज मात्र मजा झाली," कांताबाई म्हणाल्या. "सकाळी नाश्त्याले आल्या त्या पोट्ट्या. खाल्लं काहीच नाही. ताटं उचलली न गेल्या चौघी प्राचार्याच्या हापिसात. सायबाच्या काचेच्या टेबलावर उपडी मांडली म्हनते, ओळीनं. शिपाई सांगून राहिला होता. सायेब म्हने, हे काय? ते रेहेमा म्हने, काहून? सायबाले काहून म्हने, बाप्पा! पत्र देत नाही तवरक आमी इथंच बसतो म्हने. बसल्या खाली. एका तासात चारही पोट्ट्यायचे कागद सही होऊन हाती. मॅडमले घरून बोलावून सही घेतली."

"आणि ताटं?"

"ताटं आली वापस. सायेब म्हने, समिती गेल्यावर पाहू."

मी तिथेच ओट्यावर बसले. तिला पत्र मिळालं होतं. माझ्याशिवाय. माझ्या बिनचूक पानाशिवाय. मी तिला वाचवते आहे, माझी चुप्पी तिच्या कामाची आहे, असं मी इतके दिवस धरून बसले होते, आणि त्या चौघी रिकाम्या पोटी उठून सरळ प्राचार्यांच्या ऑफिसात जाऊन बसल्या होत्या. ज्या गोष्टी मी पत्रकांत वाचल्या त्या त्यांनी केल्या.

आता माझ्याकडे सबब उरली नव्हती. उरली होती फक्त माझी नोकरी.

समिती सोमवारी आली. तीन जण. मॅडमनी कार्यक्रम आखला होता: वह्यांचं प्रदर्शन, मग निवडक पान मी वाचून दाखवायचं. माझं दुसरं घर. लेखिका रेहेमा.

सभागृहाच्या बाहेर मी रेहेमाला गाठलं. या वेळी विचारलं.

"मी आज सांगणार आहे की ते पान मी लिहिलं. ताटांचंही सांगणार आहे. चालेल?"

"माझं दुमडलेलं पान वाचणार?"

"नाही. ताटं मी स्वतः पाहिली आहेत. तेवढंच सांगेन. तुझं नाव न घेता."

तिने विचार केला. "माझं नाव त्या खोट्या पानावर आहे. ते काढ. बाकी तुझं तू पाहा." मग म्हणाली, "पहिल्यांदा विचारलंस."

आत गेले. मॅडमनी पान हातात दिलं. माईक होता. पहिल्या रांगेत समिती, प्राचार्य, मॅडम. मागे एकवीस विद्यार्थी. माईक मी दोनदा खाली-वर केला. पत्रकांत 'बोला!' असतं, पहिलं वाक्य कसं सुरू करायचं ते कधीच लिहिलेलं नसतं.

"हे पान रेहेमाने लिहिलेलं नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "हे मी लिहिलं आहे. तिच्याकडून ते उतरवून घेतलं, तिचं पत्र अडलेलं असताना. यातलं मेसबद्दलचं वाक्य खोटं आहे. मेसमध्ये चार ताटांच्या बुडाला लाल ठिपके आहेत. ती वेगळी घासली जातात. मी माझ्या हाताने पालथी करून पाहिली. मेस इथून खाली आहे. तुम्हीही पाहू शकता."

मॅडम उठल्या. हसत. "शी इज अ लिटल नर्व्हस," त्या समितीला म्हणाल्या. "पहिली पिढी आहे." मग माझ्याजवळ येऊन, माईकपासून तोंड फिरवून, मराठीत, "बस झालं. उतर खाली. लाज नाही वाटत, खाल्ल्या ताटात..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

मी माईक ओढून घेतला नाही, ओरडले नाही. एवढंच म्हणाले, आणि माईक चालू होता: "मॅडम, माझ्या घरात तीन पिढ्या वाचतात. त्या दिवशी मी हसले. ती माझी चूक होती."

टाळ्या नाही वाजल्या. समितीतल्या एका बाईंनी काहीतरी टिपलं. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. मी पान टेबलावर ठेवून उतरले. समिती मेसमध्ये गेली की नाही, मला माहीत नाही. चहाला गेली एवढं दिसलं.

माझी नेमणूक वाढली नाही. शेऱ्यात लिहिलं, सहकार्याचा अभाव.

महिन्याभराने राहिलेलं सामान घ्यायला गेले, तेव्हा फाटकाशी रेहेमा भेटली. मला वाटत होतं, ती हात मिळवेल. तिने नाही मिळवला.

"तू बोललीस ते बरं झालं," ती म्हणाली. "पण आमच्या हातात पत्र आल्यावर बोललीस."

"हो."

"मी आता वहीत काही लिहीत नाही. नवीन शिक्षिका चांगली आहे. तरी लिहीत नाही."

तिचा ऑटो आला. ती गेली. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ती द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तिच्यावर पडलं असतं.

परवा कांताबाईंचा फोन आला. ठिपके सँडपेपरने घासून काढले. ताटं मात्र तीच, पोरी त्याच, बादली तीच. "आता निशानी नाही," त्या म्हणाल्या, "तरी मले बरोबर वळखू येतात."

मी विद्यापीठाकडे लेखी तक्रार दिली आहे. माझ्या नावाने, पत्त्यासकट. तिच्यात कुणाच्या वहीतला एक शब्द नाही. मी काय पाहिलं, काय केलं, कोणत्या दिवशी, कुठे उभी राहून, एवढंच आहे. चौकशीला बोलावलं आहे. मी जाणार. एकदा परत पाठवलं तर दुसऱ्यांदा जाणार. ते विचारतील, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी सांगेन, मी पाहिलं. मग विचारतील, दोन वर्षं तिथे होता, आधी का बोलला नाहीत?

तेही सांगेन. पान चोरून उघडलं ते, मॅडमना सांगितलं ते, खोटं लिहून दिलं ते. तक्रार कुणाविरुद्ध, त्या रकान्यात मॅडमच्या नावाच्या खाली माझंही नाव आहे. स्वतःला वगळून लिहिलेली तक्रार मी यापुढे कधीही लिहिणार नाही.